हरभऱ्याच्या डाळीएवढं तोंड

हे मी लिहिणारच नव्हते. एक तर परीक्षा डोक्यावर आहे, आणि दुसरं म्हणजे राहीबाईंना, तुमच्यावर लिहू का, असं विचारायला गेले तेव्हा त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "माझ्यावर काय लिवतीस गं? मी काय जमिनीतनं निगालीया व्हय?" मी परत आले. त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्या घरात गेली दोन-अडीच वर्षं जमिनीतून निघालेल्यांनाच किंमत आहे. ते कसं झालं ते आधी सांगते, मग मी लिहायला का बसले ते आपोआप कळेल.

राहीबाई निकम आमच्या चिंचमळ्याच्या. चाळिशीच्या आतबाहेर. घरात सासू चंद्राबाई, धाकटा दीर नानासो आणि त्याची बायको शालूबाई. राहीबाईंचा नवरा आकाराम मिलिटरीत सिग्नलला होता. म्हणजे बंदूक होती, पण मुख्य काम टेलिफोनच्या तारा ओढायचं. बासष्ट साली चीनच्या लढाईत तो नेफात, म्हणजे आता ज्याला अरुणाचल म्हणतात तिथं, तारा ओढायला वर गेला आणि खाली आलाच नाही. मेला असं कुणी सांगितलं नाही, कारण मेलेला कुणी बघितला नाही. तार आली त्यात बेपत्ता म्हटलं होतं. चंद्राबाईंनी विचारलं, बेपत्ता म्हंजे? तार वाचून दाखवणारे शाळेतले मास्तर म्हणाले, म्हणजे पत्ता लागत नाही. चंद्राबाई म्हणाल्या, "पत्ता लागत न्हाई तर हितं तार कशी आली?" तेव्हापासून त्या घरात चीन हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे.

नानासो कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. तिथं येणारा पेपर सगळ्यांचा वाचून झाला की दुसऱ्या दिवशी नानासोच्या डब्याभोवती गुंडाळून चिंचमळ्याला येतो. आमटी सांडली असेल तेवढी बातमी जाते, बाकीची नानासो वाचून दाखवतो. चंद्राबाईंना कमी ऐकू येतं म्हणून तो ओरडून वाचतो, त्यामुळे आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणी पेपर घेतलाच नाही कधी.

तर पंच्याहत्तर सालच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नानासो उंबऱ्यावर बसून वाचायला लागला आणि वाचता वाचता त्याच्याकडून चीन वाचला गेला. आता थांबून उपयोग नव्हता, म्हणून त्यानं पुढं रेटलं.

"चीनात शेतकरी हीर खांदत हुते. पाणी लागायच्या आदी त्येनला सैनिक लागलं."

चंद्राबाईंनी विचारलं, "किती?"

"हजारांनी आसतील म्हनत्यात. समदं मातीचं. मानसायेवढं हायत. दोन हजार वर्सामागं कुनी बादशा मेला, त्येच्या थडग्याच्या राखनीला उभं केल्यात."

"मग पानी लागलं का न्हाई?"

"त्ये दिलेलं न्हाई."

"पेपरवाल्यास्नी कामाचं इचारायचं कळत न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या.

राहीबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. भाकरी अर्धी थापून झाली होती आणि हात तसाच तिच्यावर राहिला होता. शालूबाईनं ते बघितलं आणि नवऱ्याला डोळ्यानं खुणावलं, पण नानासोची मान पेपरात. "आन् ह्ये बगा नवल, परत्येकाचं तोंड निराळं हाय म्हनं. कुनाला मिशी हाय, कुनी म्हातारा हाय, कुनी कवळं पोरगं हाय. एकासारका एक न्हाई."

"भावजी, त्ये परत वाचा," राहीबाई म्हणाल्या.

नानासोनं परत वाचलं.

"म्हंजे राजानं परत्येकाच्या तोंडाकडं बघितलं आसंल."

"राजा कशाला बगतोय, वैनी. कुंभारानं बघितलं आसंल."

"कुनीतरी बघितलं नव्हं," राहीबाई म्हणाल्या आणि भाकरी पुरी केली. ती जरा जाड झाली, एवढंच.

आता इथं टाकाचं सांगायला लागतं. शहरातल्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्याकडे देव्हाऱ्यात चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवलेले देव असतात, त्यांना टाक म्हणतात. खंडोबा, जोतिबा, भवानी. आणि घरातला माणूस लढाईत गेला तर त्याचाही टाक करतात, तो वीर. वीर देवांच्या ओळीत बसतो, नवरात्रात घट बसताना देवांबरोबर त्यालाही घासूनपुसून विड्याच्या पानावर मांडतात, त्याला नैवेद्य मिळतो. बसवला नाही तर तो बाहेर हिंडत राहतो आणि घराला त्रास देतो असं म्हणतात. निकमांच्या घरात म्हैस आटली तरी आकाराम, शालूबाईच्या मुलाला खोकला झाला तरी आकाराम. जितेपणी त्या माणसानं कुणाला वर मान करून उत्तर दिलं नव्हतं, आणि आता सगळ्या गावाची खरूज त्याच्या नावावर.

पण टाक बसवायचा म्हणजे तो गेला हे कबूल करायचं. त्या घरात दोन गोष्टी एकदम राहू शकत नव्हत्या, देव्हाऱ्यात आकारामचा टाक आणि राहीबाईंच्या कपाळावर कुंकू. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. बारा झाली. तेरावं लागलं. चंद्राबाई रोज म्हणायच्या, "मी जायच्या आदी माझं पोरगं देवात बसूं दे," आणि राहीबाई उठून गोठ्यात जायच्या. त्या काळात निकमांचा गोठा फार स्वच्छ असायचा.

चीनच्या बातमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाई सासूसमोर येऊन बसल्या आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आत्याबाई, टाक करा. माझं काय म्हननं न्हाई. पर तोंड त्येंचं पायजे."

"कुनाचं?"

"त्येंचंच. दुसऱ्या कुनाचं नगो."

चंद्राबाईंना आधी आपण नीट ऐकलं नाही असंच वाटलं. मग त्या रडल्या, मग चहा प्याल्या, मग नानासोला म्हणाल्या, चल इस्लामपूरला.

इस्लामपूरला हरीभाऊ पोतदार म्हणून सोनार आहेत. आजोबांपासून टाक करतात. सासू, सून आणि नानासो, तिघंही एसटीनं गेली. वीराचा टाक म्हटल्याबरोबर हरीभाऊंनी टोपी सारखी केली आणि पुढचं काही न विचारताच पेटीतून ठसा काढला. पितळी ठसा, त्याच्यावर घोडा, घोड्यावर माणूस, हातात तलवार, मोठ्ठ्या मिशा. या ठशावर चांदीचा पत्रा ठेवून ठोकला की वीर तयार. हरीभाऊ म्हणाले, "आजोबांचा ठसा आहे. निम्म्या तालुक्याचे वीर यातूनच निघालेत."

राहीबाईंनी ठसा हातात घेऊन बघितला. "ह्यो कोन हाय?"

"कोण म्हणजे? वीर."

"ह्ये घोड्यावर कवा बसलं न्हाईत. सायकलीवरनंच दोनदा पडल्यात."

"बाई, घोडा सगळ्यांनाच असतो."

"तलवार बी न्हवती. वायर हुती."

हरीभाऊंनी नानासोकडे बघितलं. नानासोनं चीनच्या राजाची हकीकत सांगितली, जरा ओरडूनच, सवय झाली होती. हरीभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सैनिक माणसाएवढे आहेत म्हणता. इथं सगळा टाक माझ्या अंगठ्याएवढा. त्यात तोंड हरभऱ्याच्या डाळीएवढं. त्या डाळीवर मी काय काय दाखवू?"

चंद्राबाईंना त्यातलं नेमकं माणसाएवढे तेवढंच ऐकू आलं. "आमचाबी मानसायेवढाच हुता," त्या म्हणाल्या.

यावर हरीभाऊंनी ठसा परत घेऊन पेटीत ठेवला. म्हणाले, जन्मभर एकच तोंड ठोकत आलोय, त्या मिशांचा मलाही कंटाळा आलाय. पत्रा राळेच्या मऊ थरावर बसवून मागून हातानं ठोकून उठवून बघतो. फोटो आहे का?

फोटो होता. राहीबाईंनी तो पिशवीतून काढला, पण देताना हात आखडता घेतला. आकारामनं एका सुट्टीत सांगलीच्या स्टुडिओत काढून घेतला होता. मागं रंगवलेला राजवाडा आणि तळं. फोटोवाल्यानं हौसेनं फोटोही रंगवला होता, गाल गुलाबी, ओठ लाल, देवीचे व्रण बुजवलेले, आणि सायकलीवरून पडून भुवईला खोक पडली होती तीही काजळ भरल्यासारखी भरून टाकलेली. फोटो पहिल्यांदा घरी आला तेव्हा चंद्राबाईंनी विचारलं होतं, "कुनाचा जावई ह्यो?"

"ह्यो त्यो न्हवं," राहीबाई म्हणाल्या. "फोटोत बघून करायचं आसलं तर तुमचा घोडाच बरा."

"मग सांगा," हरीभाऊंनी पाटी-पेन्सिल घेतली. "कसा होता?"

चंद्राबाई पुढं सरकल्या. गोल तोंड, म्हणाल्या, गुबगुबीत, हनुवटीला खळी, डोळे लोण्यात बोटं बुडवल्यासारखे. हरीभाऊ काढत गेले. काढून झालं तेव्हा पाटीवर पाच-सहा वर्षांचं मूल होतं.

"आई, त्यो मिलिटरीत गेल्ता," नानासो म्हणाला.

"जाऊ दे की. मी त्येला मांडीवर घिऊनच बघितलाय नीट. मोठा झाल्यावर घरात ऱ्हायला कुठं?"

मग भुवईची खोक. चंद्राबाईंनी आपल्या डाव्या भुवईला हात लावला, नानासोनं उजव्या. दोघंही एकमेकांसमोर बसली होती त्यामुळे दोघांनाही वाटलं समोरचा आपलीच बाजू दाखवतोय. हरीभाऊ म्हणाले, त्याची डावी का बघणाऱ्याची डावी ते ठरवा, कारण मी पत्रा मागून उठवणार, मला सगळं उलटं करायचंय. मग तिघंही आपापल्या भुवया चाचपत बसली. दुकानात गंठण ओवून घ्यायला आलेली एक बाई आपलीही भुवई चाचपून बघायला लागली.

"नानासो, तुम्ही सांगा. भाऊ तुमचा," हरीभाऊ म्हणाले.

नानासोनं डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग म्हणाला, "मी सायकलीवर त्येच्या मागं बसायचो. शाळंला, बाजाराला, कुठंबी. मला त्येचं कान सांगता येतील. मानंवर तीळ हुता. मागनं मी त्येला कुठंबी वळकीन."

"मागून टाक करत नाहीत," हरीभाऊ म्हणाले, पण चिडून नाही. आणि राहीबाईंकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा आता."

राहीबाईंनी पाटी जवळ ओढून घेतली.

मी हे चंद्राबाईंकडून ऐकलंय, नानासोकडूनही ऐकलंय आणि शेवटी राहीबाईंकडूनही, आणि ही जागा आली की तिघंही आधी उठून काहीतरी काम करून येतात, मग सांगतात.

त्याचं असं झालं, राहीबाईंनी नवरा समोरून बघितलाच नव्हता. म्हणजे बघितला होता, पण तसा नाही. लग्नात अंतरपाट सरकला तेव्हा डोळे खाली होते. सासरी आल्यावर थोरामोठ्यांपुढं नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची रीत नाही, पदर पुढं, मान खाली, वाढताना ताटाकडं बघायचं. तो वर्षातून एकदा सुट्टीला यायचा, घर पाव्हण्यांनी भरायचं, सगळे त्याच्याभोवती बसून त्याचं तोंड बघत आणि राहीबाई आत त्यांच्यासाठी चहा टाकत. खोलीत एक चिमणी, तीही रॉकेल वाचवायला लवकर विझवायची. त्यांना वाटायचं, आहे की जन्म बघायला. तो रिटायर होऊन आला की ओसरीवर बसेल आणि मी जोंधळं निवडता निवडता बघीन.

"पायाचा आंगठा चपटा हुता," राहीबाई सोनाराला म्हणाल्या. "वायरीचं भेंडोळं पडल्यालं त्येच्यावर. हाताची नखं चौकोनी. भाकरी मोडताना आदी कडंची खायचं. खोकायचं कमी. आन् मला हाक मारायचं न्हाईत, नुसतं उंबऱ्यापाशी येऊन उभं ऱ्हायचं. सावली पडली की मला कळायचं."

हरीभाऊ म्हणाले, "आणि तोंड?"

"त्येच आठवाय लागलीया."

परतीच्या एसटीतून फाट्यावर उतरल्यावर चंद्राबाई म्हणाल्या, "मला वाटलं हुतं तुला तरी ठावं आसंल." त्या ओरडूनच बोलतात, त्यामुळे फाट्यावरच्या टपरीवाल्यालाही ऐकू गेलं.

हरीभाऊंनी टाक केला. घोडा काढून टाकला. उभा माणूस, अंगात कोट, खांद्यावर तारेचं भेंडोळं, एक हात भेंडोळ्यावर, आणि खाली पायात बूट, कारण चपटा अंगठा दाखवायला जागा नव्हती. तारेचं भेंडोळं घेतलेला वीर आमच्या भागात तरी हाच एक असावा. तोंडाच्या जागी मात्र नुसती गुळगुळीत डाळ ठेवली. म्हणाले, "तिघांचं एकमत होईल त्या दिवशी घेऊन या, मी बसल्या बसल्या करून देतो. अंदाजानं केलं तर तो आमचा ठशातला माणूसच निघेल."

टाक घरी आला आणि देव्हाऱ्यात न जाता लाल फडक्यात गुंडाळून शेजारच्या कोनाड्यात गेला. त्या वर्षी घट बसले, आकाराम बसला नाही. पुढच्या वर्षीही तेच. राहीबाईंच्या कपाळावर कुंकू तसंच राहिलं, आणि मग गाव बोलायला लागलं. राहीनं बरोबर युक्ती केली म्हणे. कधी पुरी न होणारी अट घातली की टाकही बसत नाही आणि कुंकूही जात नाही. मलाही तसंच वाटायचं, खरं सांगते, आणि मला ती युक्ती फार आवडली होती.

एक दिवस शालूबाईचा मुलगा पुन्हा खोकायला लागला आणि शालूबाईचा तोल गेला. "आक्का, चीनच्या राजाचं निमित्त बरं घावलं तुमास्नी," ती म्हणाली.

राहीबाई दळण पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "कुकू पुसायला एक बोट पुरं हुतं, शालू. आत्ता पुसते. तू तोंड सांग."

शालूबाई लग्न होऊन आली तेव्हा आकाराम जाऊन वर्षं झाली होती. ती काय सांगणार. ती मुलाला अडुळशाचा काढा करायला आत गेली.

इकडे नानासोला मात्र नाद लागला. वजनकाट्यावर पेपर आला की तो आधी जमिनीतनं काय निघालं ते बघतो. बाकीचे त्याच्यासाठी ते पान आमटीपासून जपतात. नगर जिल्ह्यात दायमाबादला एका माणसाला झाडाचं मूळ खणताना तांब्याचा रथ, हत्ती आणि गेंडा सापडला, तेही त्यानं कुठून तरी जुन्या अंकात शोधून वाचून दाखवलं. आफ्रिकेत लाखो वर्षांपूर्वीच्या बाईची हाडं सापडली. चंद्राबाईंनी विचारलं, "बाईची कशावरनं?" नानासो म्हणाला, हाडावरनं कळतं. चंद्राबाई म्हणाल्या, "आन् तोंड?" तोंडाचं पुरं हाड मिळालेलं नाही, असं त्यानं वाचलं. "बग," चंद्राबाई राहीबाईंना म्हणाल्या, जसं काही त्या आफ्रिकेतल्या बाईच्या घरचेही आपल्यासारखेच बावळट निघाले.

गेल्या वर्षी नवरात्रात इजिप्तच्या राजाची बातमी आली. तीन हजार वर्षांपूर्वी मेलेला राजा, त्याच्या मढ्याला बुरशी लागली म्हणून विमानात घालून पॅरिसला उपचाराला नेला.

"मेल्यावर दवाखाना?" चंद्राबाई म्हणाल्या. "आपल्यात जित्त्याला न्हेत न्हाईत."

पेपरात त्याच्या तोंडाचा फोटो होता. राहीबाईंनी हात पुसले आणि पेपर मागून घेतला. राजाचं नाक बाकदार, गालफडं बसलेली, डोक्यावर थोडे केससुद्धा. राहीबाई त्या फोटोकडे एवढा वेळ बघत बसल्या की नानासोला पुढची बातमी वाचता येईना. त्यांनी आयुष्यात कुठल्याही पुरुषाच्या तोंडाकडं एवढं टक लावून बघितलं नसेल.

"तीन हजार वर्सं नाक ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "माझ्यापाशी पंधरा वर्सं बी ऱ्हायलं न्हाई."

पेपर घडी करून त्यांनी नानासोला परत दिला, आणि उठून गोठ्यात गेल्या. गोठा सकाळीच झाडलेला होता.

त्यानंतर मी कधी गेले की त्या मला कॉलेजातलं विचारायच्या, तुमच्यात ह्ये जमिनीतलं शिकवत्यात का, ज्येनी खांदलं त्येनला कसं कळलं हितंच खांदायचं. मी म्हटलं, कुणीतरी सांगतं, कुणीतरी बघितलेलं असतं. त्यावर त्यांनी मला ते परत सांगायला लावलं. आणि परवा, मी वर सांगितलं तसं शेंगांच्या वेळी नको म्हणाल्यानंतर, संध्याकाळी स्वतःच आमच्या दारात आल्या. राहीबाई कुणाच्या दारात जात नाहीत. उंबऱ्यापाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांची सावली पडली तेव्हा मला कळलं.

"लिव," म्हणाल्या. "माझं कायबी लिव. पर खाली त्येंचं नाव घाल आन् आपला पत्ता घाल. ह्ये जबलपूरला टरेनिंगला हुते, तितं ह्या बाजूची पोरं लय हुती. एका पंगतीला समोरासमोर बसून जेवली आसतील की. बापय मानसं बगत्यात एकमेकाच्या तोंडाकडं. त्येनला कुनी मान खाली घालाय सांगितलं न्हवतं."

"आणि तोंड मिळालं तर?" मी विचारलं. "मग टाक बसेल, काकू."

"बसंल की. बसवायचाच हाय." त्यांनी पदर सारखा केला. "त्येंचं एकदा नीट बघून हुं दे. मग मी बसवते."

मी टाइपरायटरपुढं बसले आणि एकटाकी सगळं ठोकून काढलं. चुका राहिल्या असतील तर राहू देत, आता पुन्हा वाचायला लागले तर मी हे फाडून टाकीन.

नाव आकाराम दादू निकम. हे चंद्राबाईंनी सांगितलं, राहीबाई नाव घेत नाहीत. जबलपूरच्या सिग्नल सेंटरला होता, साताऱ्याकडची, कराडची, मिरजेकडची पोरं त्याच्या आगेमागे होती. तारा ओढायच्या कामाला. भाकरी कडेनं खायचा. भुवईला खोक, कुठल्या ते ठरायचंय. तुमच्यापैकी कुणी, तुमच्या वडिलांनी, चुलत्यांनी, गल्लीतल्या कुणा पेन्शनरनं त्याच्यासमोर बसून एकदा जरी जेवण केलं असेल तर चिंचमळ्याला या. इस्लामपूरहून ताकारीकडं जाणारी एसटी धरा, चिंचमळ्याच्या फाट्यावर उतरा आणि टपरीवर निकमांचं घर विचारा. यंदाचे घट बसायच्या आत या, कारण चंद्राबाई आता भिंतीला धरून चालतात आणि हरीभाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलाय. निघण्याआधी एवढं नक्की करा की खोक त्याच्या डाव्या भुवईला होती का तुमच्या डाव्या बाजूला. राहीबाई चहा देतील आणि मान खाली घालून समोर बसतील, त्याचं काही वाटून घेऊ नका, त्या ऐकत असतात. आणि जरा मोठ्यानं सांगा, म्हातारीलाही ऐकू जायला हवं.